जुनी युनोस रोडस्टर: ऑइलची गळती आणि नुसता "टक्" करणारा स्टार्टर

गाडी विकणार नाहीये हे आधीच सांगतो, कारण पुढे सगळं रडगाणंच वाटेल. १९९२ची युनोस रोडस्टर, म्हणजे माझदाची पहिली एमएक्स-५च, जपानच्या मार्केटची, नंतर इकडे इंग्लंडमध्ये सेकंडहँड आलेली. १.६ लिटर इंजिन, मॅन्युअल गिअर, मागच्या चाकांना ड्राइव्ह, वजन हजार किलोच्या आत. जपानमध्येही स्टिअरिंग उजवीकडेच असल्यामुळे अशा इम्पोर्टेड गाड्या इकडे बऱ्याच फिरतात, फक्त स्पीडोमीटर मैलांचा करावा लागतो आणि मागे फॉग लाइट लावावा लागतो. चालवायला कशी आहे ते सगळ्यांना माहितीये, झकास आहे. वर्ष होत आलं वापरून, तर मी फक्त ऑइल आणि स्टार्टिंगबद्दल लिहितो, कारण माझा वेळ तिथेच गेलाय.

आधी ऑइल. पार्किंगमध्ये थेंब पडायला लागले, एका गॅरेजवाल्याने खालून टॉर्च मारला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ऑइल दिसलं आणि लगेच निकाल, रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं) गेलं, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. सील स्वस्त असतं हो, पण मजुरी ऐकून मी गाडी घरी घेऊन आलो. ऑइल वरून खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथेच लीक असेल असं अजिबात नाही. मी डीग्रीझर मारून इंजिन मागून-पुढून धुतलं, ऑइलमध्ये यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकला, दोन दिवस नेहमीसारखी चालवली आणि मग अंधारात यूव्ही टॉर्च घेऊन वरून खाली बघत गेलो, खालून वर नाही. डाय हिरवट-पिवळा चमकतो, आणि तो सगळ्यात वर जिथे चमकतो तिथून सुरुवात.

माझ्या गाडीत ती जागा निघाली कॅम अँगल सेन्सर, म्हणजे कॅमशाफ्ट कुठवर फिरलाय ते ओळखून स्पार्कची वेळ ठरवायला मदत करणारा. या इंजिनाला डिस्ट्रिब्युटर नाही, हेडच्या (इंजिनाचा वरचा भाग) मागच्या टोकाला फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधली भिंत) हा सेन्सर बसतो आणि त्याला एक ओ-रिंग असते. ३० वर्षं गरम-थंड होऊन ती रिंग प्लॅस्टिकसारखी कडक होते, मग ऑइल हेडच्या मागून ओघळत थेट बेलहाउसिंगवर (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडलेला पुढचा भाग), म्हणजे खालून बघणाऱ्याला अगदी रिअर मेन सीलच गेलंय असं वाटणार. या गाड्यांचा हा जुना ठरलेला घोळ आहे. रिंग चहाच्या पैशात येते. १२ नंबरचा एकच बोल्ट, पण हात जायला जागा नाही, मनगट सोलून निघतं. सेन्सर काढायच्या आधी तो आणि हेड दोन्हीवर मिळून एक खूण करा, कारण तो फिरवला की इग्निशन टायमिंग फिरतं. नंतर टायमिंग लाइट लावून बेस टायमिंग १० डिग्री बघून घेतलं तर उत्तम.

त्याच वेळी वॉल्व्ह कव्हर गॅस्केट (हेडवरच्या झाकणाखालचं) पण बदललं. नुसतं गॅस्केट टाकून चालत नाही, कॅमच्या पुढच्या-मागच्या टोकांना जिथे गोल भाग आणि कोपरा येतो तिथे सिलिकॉनचा बारीक टिपका लागतो. बोल्ट फार आवळायचे नाहीत, टॉर्क जेमतेम ५ ते ९ न्यूटन मीटर. आणि हे सगळं करायच्या आधी पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनातली वाफ आणि प्रेशर बाहेर काढणारा) काढून कानाशी हलवून बघा, खळखळ वाजला पाहिजे. तो चोंदला असेल तर आतलं प्रेशर ऑइलला मिळेल तिथून बाहेर ढकलतं आणि तुम्ही सीलं बदलत बसता.

आता स्टार्टिंग. चावी फिरवली की कधीकधी नुसता टक्, परत फिरवली की चालू, बहुतेक वेळा इंजिन गरम असताना आणि नेमकी पेट्रोल पंपावर मागे लाइन लागलेली असताना. सगळे म्हणाले स्टार्टर बदल. तो इनटेक मॅनिफोल्डच्या खाली दडलेला, वरचा बोल्ट काढताना देव आठवतो, म्हणून मी आधी मल्टिमीटर घेतला. बॅटरी (डिकीत असते) स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०च्या वर, म्हणजे बॅटरी बरी. जाड केबलवर आणि अर्थिंगवर सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त ड्रॉप नको, तोही नव्हता. मग सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट जोडणारा विद्युत-चुंबकी स्विच) बारीक वायरवर मोजलं, चावी स्टार्टला धरून, तर जेमतेम ८. तिथे जवळपास बॅटरीइतकाच व्होल्टेज यायला हवा, सोलेनॉइड एवढ्यावर प्लंजर नीट ओढणार कसा?

ती वायर इग्निशन स्विचमधून फिरून येते, आणि माझ्या गाडीत मधे कुठल्यातरी आधीच्या मालकाने बसवलेला अलार्म-इमोबिलायझर (चोरी रोखायला गाडी चालू होऊ न देणारा) होता. डॅशखाली वायर तोडून जोडलेल्या, जॉइंट हिरवे पडलेले. ते जॉइंट नीट केले तरी १०च्या आसपासच, स्विचचे कॉन्टॅक्टही झिजलेत. मग रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) टाकला, बारीक वायर फक्त रिलेला चालू करते आणि सोलेनॉइडला करंट थेट जाड केबलवरून, मधे फ्यूज. तेव्हापासून एकदाही टक् नाही, ऐन थंडीतही नाही. स्टार्टर जुनाच आहे.

बॅटरी बदलताना एक बघा. डिकीत असल्यामुळे सीलबंद, व्हेंट ट्यूब लागणारी बॅटरीच घ्या, दुकानात मिळेल ती साधी टाकली तर आम्लाची वाफ डिकीच्या पत्र्याला खाते.

सध्या फ्रंट क्रँक सील थोडं ओलसर आहे, ते टायमिंग बेल्टबरोबर करेन. बेल्ट तुटला तरी या इंजिनात वॉल्व्ह वाकत नाहीत, म्हणून घाई नाही, पण बेल्टवर ऑइल जास्त आलं तर थांबणार नाही. एमओटीत (इंग्लंडमधली गाडीची वार्षिक तपासणी) इंजिन चालू ठेवून ५ मिनिटांत ७५ मिलिमीटरपेक्षा मोठं डबकं झालं तरच नापास करतात, तेवढं काही होत नाही.

कोणी घेणार असेल तर सुरुवातीच्या, साधारण १९९१पर्यंतच्या १.६ बघताना क्रँक पुलीच्या खाचा मोजा. ४ असतील तर क्रँकचं नाक (पुली बसते ते पुढचं टोक) आखूड, तिथे पुलीचा बोल्ट ढिला राहिला तर क्रँकचीच वाट लागते, ८ असतील तर तो प्रश्न नाही. आणि थेंब बघून भाव पाडून घ्या, पण दाराखालचा पत्रा कुजलेला असेल तर नमस्कार करून परत या.