नंदी, गहू, बासमती आणि आमचं अख्खं घर: बाहुलीनाट्याच्या चार रविवारांचा अनुभव

पहिलंच सांगतो, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा माणूस. बाहुल्यांशी संबंध म्हणजे लहानपणी टीव्हीवर बघितलेला अर्धवटराव, तेवढाच. बायकोनं मला न विचारता नाव घातलं. 'सहकुटुंब बाहुलीनाट्य वर्कशॉप, चार रविवार, शेवटी महोत्सवात प्रयोग', फी ३५०० रुपये, एका घरातली पाच माणसं. वर्कशॉप म्हटल्यावर मला माझंच डोळ्यासमोर येतं म्हणून इथून पुढं मी याला क्लास म्हणतो.

पाच माणसं म्हणजे मी, बायको, सातवीतली थोरली, दुसरीतला धाकटा आणि आई. आईचं वय ७२. क्लास मंगळवार पेठेत एका जुन्या घराच्या माडीवर, आणि तो जिना म्हणजे शिडीच आहे नुसती, हे पोस्टरवर लिहायला पाहिजे होतं. पहिल्या दिवशी आईला वर न्यायला आम्हाला दहा मिनिटं लागली आणि वर पोचल्यावर ती म्हणाली, "आता एकदमच घरी जायच्या टायमाला उतरवा मला." तीन तास एका खुर्चीवर बसली बिचारी. पण सांगतो पुढं, शेवटी सगळ्यात जास्त टाळ्या तिलाच पडल्या.

शिकवणाऱ्या ताई भारी आहेत, यात वादच नाही. पहिल्या रविवारी आल्या आल्या प्रत्येकाच्या हातात एक जुना मोजा दिला, त्याला दोन बटणं शिवलेली, बस्स. म्हणाल्या, बोलायचं नाही, आवाज काढायचा नाही, मोज्यानं फक्त समोरच्या मोज्याकडं बघायचं. मला हसायलाच आलं. पण अर्ध्या तासात काय झालं म्हायतीय का, आमचा धाकटा माझ्या मोज्यावर रुसला. माझ्यावर नाही, मोज्यावर! तोंड फिरवून बसला, म्हणजे त्याचा मोजा तोंड फिरवून बसला. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ह्यात काहीतरी दम आहे.

आणि माझी मेन तक्रार इथंच सुरू होते. तो अर्धा तास संपला आणि तिथून पुढं जवळजवळ तीन रविवार आम्ही नुसत्या बाहुल्या बनवत बसलो. कागद भिजव, खळ लाव, रंग दे, केस चिकटव. पोरं खूश, आया खूश, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर स्टेटस. पण बाहुली *हलवायला* शिकायला उरला एकच रविवार. हे म्हणजे पैलवानाला तीन महिने लांग शिवायला बसवायचं आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी आखाड्यात उतरवायचं, तसलं झालं.

बनवायचं शिकवतात मात्र व्यवस्थित, तेही सांगायला पाहिजे. थर्माकोलच्या बॉलवर पेपरच्या पट्ट्या, एक थर उभा आणि एक थर आडवा, असे चार थर. खळ चिंचोक्याची, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, पण तो विषारी आणि पोरांचा हात तोंडात जातो म्हणून इथं बिलकुल नाही. मानेत पुठ्ठ्याची नळी, ती तुमच्या पहिल्या बोटाच्या मापाची, म्हणजे प्रत्येकाची वेगळी. ते बोट मानेत, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत. नळी सैल झाली की मुंडकं दारुड्यासारखं डुलतं, आमच्या थोरलीचं डुलत होतं, परत करायला लागली.

पण हे सगळं जुलैत! कोल्हापुरात जुलै महिन्यात अंगावरचे कपडे वाळत नाहीत आणि ह्यांना पेपरची मुंडकी वाळवायची होती. आमची चार मुंडकी दोन दिवस फ्रीजच्या मागं, मग पंख्याखाली, तरी दाबलं की ओलीच, एकावर तर हिरवी बुरशी आली. शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यानं रात्री भट्टीच्या वरच्या कट्ट्यावर ठेवून घेतली. सकाळी आणायला गेलो तर टोस्टच्या ट्रेशेजारी आमची चार मुंडकी ओळीनं, एक गिऱ्हाईक टोस्ट घ्यायचं सोडून तिकडंच बघत उभं. तिसऱ्या रविवारी तर पंचगंगा ३९ फुटाच्या इशारा पातळीकडं निघालेली, नदीपलीकडची दोन कुटुंबं आलीच नाहीत आणि त्यांचा तो दिवस बुडाला तो बुडालाच, बदली दिवस मिळाला नाही. त्यामुळं ह्यांची पावसाळी बॅच घेऊ नका, उन्हाळ्याच्या सुट्टीतली घ्या.

आता गोष्ट. प्रत्येक घरानं आपली गोष्ट स्वतः करायची असा नियम आहे, तयार स्क्रिप्ट देत नाहीत, आणि हा नियम मला सगळ्यात आवडला. आम्हाला काही सुचेना. आई खुर्चीतून म्हणाली, रंकाळ्याच्या नंदीची करा की. कोल्हापुरात ही गोष्ट सगळ्यांना म्हायती आहे, रंकाळा तळ्याकाठचा दगडी नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं येतो, आणि ज्या दिवशी तळ्यापर्यंत पोचंल त्या दिवशी प्रलय. मी पण लहानपणी हे ऐकून नंदीजवळ खडूनं रेघ मारून आलो होतो.

धाकटा म्हणाला, "पण आज्जी, बासमती घेतला तर?"

"म्हंजे?"

"बासमती गव्हापेक्षा लांब असतो की. मग नंदी मागंच जाईल."

हॉलमध्ये सगळे गप्प. ताई पण गप्प. मग आई म्हणाली, "आरं पण रंकाळ्यात बासमती कुठला आला, आपल्यात आजऱ्याचा घनसाळ असतोय, ह्येवढुसा." झालं, तिथंच आमचं नाटक तयार. घनसाळ बारका पण वासाचा, म्हणून नंदीला तोच आवडतोय, आणि त्यामुळं रोज थोडा थोडा पुढं चाललाय. गावावर प्रलय येणार म्हणून गहू आणि तांदूळ मिळून शहरातनं बासमती आणायला निघतात, आणि नंदी बासमतीला तोंडच लावत नाही. आमची थोरली गहू झाली, धाकटा तांदूळ. बायकोनं आपली निळी साडी हलवायची, तो रंकाळा. आई नंदीचा आवाज, आणि नंदी हातात माझ्या.

ह्या नंदीनं माझी लाज काढली. मी म्हटलं, आपण उद्यमनगरवाले, कागदाचं मुंडकं काय करायचं. ३ एमएमची तार वाकवली, अॅल्युमिनियम पत्र्याचा जबडा, सायकलच्या ब्रेकची केबल टाकून तोंड उघडझाप, कानाला वेगळी केबल. काय काम झालं होतं वो, दुकानातली पोरं बघायला जमली. क्लासमध्ये घेऊन गेलो. ताईंनी कौतुक केलं आणि म्हणाल्या, "दादा, आता हात डोक्याच्या वर करून हे पाच मिनिटं धरा." दोन मिनिटांत खांद्यात कळ, तिसऱ्या मिनिटाला नंदीला थंडीताप आल्यासारखा हात कापायला लागला. घरी येऊन वजन केलं तर ६८० ग्रॅम. मग सोफेवाल्याकडनं उरलेला फोम आणला, कात्रीनं कापून चिकटवला, ९० ग्रॅममध्ये नंदी तयार. कानाची केबल तेवढी ठेवली, ती मी सोडली नाही.

दुसऱ्या रविवारी ताईंनी पिंगुळीची एक कळसूत्री, म्हणजे दोऱ्यांवर चालणारी, बाहुली आणून दाखवली. पिंगुळी म्हणजे सिंधुदुर्गात कुडाळजवळ, तिथल्या ठाकर समाजात कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, तिथल्या परशुराम गंगावणेंना २०२१ ला पद्मश्री मिळाली. लाकडाचं मुंडकं, नऊवारीसारखं नेसवलेलं, वरनं दोरे. मी म्हटलं आपण हीच करू की, हातमोजा बाहुली काय पोरांची. ताईंनी माझ्या हातात दोरे दिले आणि म्हणाल्या, हिला नुसती चार पावलं चालवून दाखवा. चालली नाही, तरंगली. लोळली. धाकटा म्हणाला, "पप्पा, मेली ती." मी गुपचूप परत दिली. तो पाऊण तास मला पूर्ण ३५०० पैकी निम्म्या पैशाचा वाटला, पण बाकीच्या घरांना तेवढा वेळ हातात धरायला मिळाली नाही कारण बाहुली एक आणि माणसं तीसएक.

चौथा रविवार म्हणजे खरा क्लास. एकाच दिवसात एवढं शिकवलं की डोक्यात मावेना. जो बोलतोय तोच हलणार, बाकीचे थिजून त्याच्याकडं बघणार, नाहीतर लोकांना कळत नाही कोण बोलतंय. बाहुलीची नजर लोकांच्या डोक्यावरनं जाते, मनगट थोडं पुढं झुकवलं तरच ती माणसांकडं बघते. पडद्याखालनं एकदम भुईतून उगवायचं नाही, पायऱ्या चढून आल्यासारखं हळूहळू वर यायचं. वाक्य कापायची. आमचं स्क्रिप्ट चार पानांचं होतं, ताईंनी पेन घेतलं आणि सव्वा पान ठेवलं, म्हणाल्या जे हातानं दिसतंय ते तोंडानं सांगू नका. नंदी पुढं सरकतो, मागं येतो, हे आम्ही निवेदनात लिहिलेलं, ते सगळं उडवलं. नुसतं टुक पुढं, टुक मागं. पहिल्यांदा केलं तेव्हाच मागं बसलेली पोरं हसली.

आणि एक गंमत. ताई पुण्याच्या. आमची थोरली कोल्हापुरी पोरगी, "मी आलो", "मी गेलतो" असंच बोलणार. पहिल्या दिवसापासनं ताई तिला "आले, आले" करून सुधारत होत्या. पण गहू पुल्लिंगी! "मी आलो" एकदम करेक्ट. पोरीनं ते ताईंना सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आईचं वेगळंच. पाठांतर शून्य, दर वेळी वाक्य वेगळं. आम्ही म्हटलं रेकॉर्डिंग करू, स्पीकरवर लावू, काही घरांनी तसंच केलं होतं. ताई नको म्हणाल्या, आज्जींना बोलू दे, तुम्ही त्यांच्या मागनं चला. ती "हं..." म्हणाली की माझी केबल ओढायची आणि नंदीचे कान हलायचे, एवढाच सिग्नल.

आता महोत्सव. आईचा हट्ट की नाटक म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृहातच. ते १९१५ साली उभं राहिलेलं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा ती टीव्हीसमोर बसून रडली होती, तिच्या तरुणपणातली निम्मी नाटकं तिथली. तिला म्हटलं आपली दहा मिनिटं दुसऱ्या हॉलमध्ये आहेत, ती काय बोलली नाही पण नऊवारी मात्र काढली ठेवणीतली.

हॉलवर पोचलो आणि डोकं फिरलं. क्लासमध्ये आम्ही पडदा चार फुटावर बांधून, मोठ्यांनी गुडघ्यावर बसून आणि पोरांनी उभं राहून प्रॅक्टिस केलेली. इथं साडेपाच फुटी लोखंडी फ्रेम, वेल्डिंग केलेली, खाली-वर होत नाही. माझ्यासाठी ठीक, पण धाकट्याचा तांदूळ? नुसतं पांढरं टोक दिसायचं. हे माप क्लासवाल्यांनी महिनाभर आधी विचारून ठेवायला नको? एक फोन! आमच्या धंद्यात माप न घेता जॉब केला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारतंय. शेवटी कँटीनमधनं सोड्याच्या बाटल्यांचे दोन क्रेट आणले, उलटे घातले, त्यावर पोरगा उभा, आणि मी एका हातानं नंदी आणि दुसऱ्या हातानं त्याची पँट मागनं धरून. माइक एकच, तो आईला दिला, पोरं आपली ओरडून बोलली. बदली माइक मागितला तर उत्तर मिळालं, लिस्टमध्ये एकच लिहिलाय.

प्रयोग मात्र झाला वो. टुक पुढं, टुक मागं, हॉल हसायला लागला. बासमती आणला तेव्हा नंदीनं वास घेतला, मान फिरवली आणि आईनं स्क्रिप्टमध्ये नसलेलं वाक्य टाकलं, "ह्याला वासच न्हाई बाबा, ह्ये खाण्यापरीस मी उपाशी जातो तळ्यात." हॉल पडला नुसता. माझा हात हसून हलायला लागला तर लोकांना वाटलं नंदी हसतोय. बायकोची साडी फ्रेमच्या खिळ्यात अडकून फाटली, रंकाळ्याला भोक, तिनं तसाच हलवला.

हिशोब सांगतो. फी ३५००, त्यात किट म्हणून थर्माकोलचे बॉल, फेविकॉलची छोटी बाटली, फेल्टचे तुकडे आणि सुईदोरा. पाच माणसांना हे पुरत नाही, वरचे ८५० आमचे गेले, साडी वेगळी. चहा बिस्कीट मिळतं, चहा पातळ. गाडी लावायला जागा नाही, लांब लावून चालत या.

पोरं पाच वर्षांच्या आतली असतील तर थांबा, हात दुखतो आणि रडतात, शेजारच्या घराचं बघितलं. सात-आठच्या पुढं असतील तर जाच. आणि घरात आज्जी-आजोबा असतील तर त्यांना घेऊनच जा, फक्त जिन्याचं आधी विचारा. ताईंना माझं एकच सांगणं, बनवायला दीड रविवार बास, उरलेले अडीच हलवायला द्या. मोज्याचा तो अर्धा तास तर प्रत्येक रविवारी पाहिजे. पाचपैकी चार स्टार, एक कापला तो फ्रेमच्या मापासाठी.

आणि ताई, वाचत असाल तर आमचा पहिला तांदूळ तुमच्याकडं माडीवर राहिलाय. उशीएवढा, पांढरा, डोळा एकच, बुरशी आलेला तोच. धाकटा रोज विचारतोय, रविवारी येऊन नेतो.