एक्सपी-60 मधली गाणी लॅपटॉपवर: रोलँड यूएम-वन एमके टू केबल वापरून

आमच्या ऑर्केस्ट्राचा रोलँड एक्सपी-60 अजून ठणठणीत वाजतो. थकलाय तो त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह. लावण्या, भावगीतं, गणपतीतले कार्यक्रम, सगळ्यांचे सिक्वेन्स (कीबोर्डने आपोआप वाजवायचे साथीचे ट्रॅक) मी याच कीबोर्डवर एकेक ट्रॅक करत बांधलेत आणि ते फ्लॉप्यांवर आहेत. कीबोर्ड बंद केला की आतलं गाणं पुसलं जातं, म्हणजे फ्लॉपी वाचली गेली नाही तर गाणंच गेलं. मी मिरजेची. इथे तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर तो नीट करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, पण फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करणारा शोधूनही सापडत नाही. म्हणून सगळी गाणी लॅपटॉपवर घ्यायला काढली. ज्या केबलने ती घेतली, ती कीबोर्डची मिडी सॉकेटं लॅपटॉपच्या यूएसबीला जोडणारी रोलँडची यूएम-वन, तिच्याबद्दल हे लिहितेय.

आधी एक बघून घ्या. तुमच्या कीबोर्डच्या मागे ‘यूएसबी टू होस्ट’ असं लिहिलेलं चौकोनी भोक असेल तर ही केबल घेऊ नका. प्रिंटरला लागते ती साधी यूएसबी केबल तुम्हाला पुरेल. यूएम-वन लागते ती ज्यांच्या कीबोर्डला पाच पिनांची गोल मिडी सॉकेटं आहेत त्यांना.

दुसरं, ही केबल आवाज नेत नाही. कोणता सूर, कधी दाबला, किती जोरात (1 ते 127 यातला आकडा), कधी सोडला, बेंडर (सूर वर-खाली ओढायची दांडी) किती वळवला, एवढंच ती नेते. 1983 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात एका कंपनीचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एकमेकांना जोडून वाजवून दाखवले होते, तीच ही मिडीची भाषा. ती बदलली नाही म्हणून माझा नव्वदच्या दशकातला कीबोर्ड आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतो. तुम्हाला नुसतं वाजवलेलं गाणं ऐकायला ठेवायचं असेल तर मागच्या दोन जॅकमधून ऑडिओ इंटरफेसवर (आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या डबीवर) रेकॉर्ड करा, त्यात मिडीचं काही काम नाही. मला मात्र ट्रॅक सुटे हवे होते. गायिकेची पट्टी बदलली की अख्खं गाणं काळी दोनवरून काळी एकवर आणता यावं, हा माझा हेतू.

काही शे रुपयांना मिळणारी बिननावाची केबलही आमच्यातल्या एकाकडे होती, ती लावून पाहिली. एकेक सूर वाजवला तर ठीक. सगळे ट्रॅक एकदम सोडले की स्ट्रिंग्जचा एखादा सूर सुटायचाच नाही, नुसता लांबत राहायचा. सूर सोडल्याचा संदेश वाटेत हरवला की असं होतं. मिडीच्या नियमाप्रमाणे आत येणाऱ्या बाजूला ऑप्टोकपलर (संदेश प्रकाशाने पलीकडे देणारा छोटा भाग) लागतो, अशा स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा तोच गाळलेला असतो. बेंडरने घेतलेली मींडही पायऱ्यापायऱ्यांनी यायची. यूएम-वनवर हे दोन्ही प्रकार एकदाही झाले नाहीत. किंमत त्या केबलच्या कित्येक पट आहे, पण माझ्या कामाला ती योग्य वाटली.

यूएम-वनच्या केबलवर जी डबी आहे, तिच्यावर एक बारीक स्विच आहे, कॉम्प आणि टॅब असा. टॅबवर ठेवला की वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मी लॅपटॉपलाही तसंच वापरते. सूर येता-जाताना दिवे लुकलुकतात, त्यामुळे अडचण कीबोर्डच्या बाजूला आहे की सॉफ्टवेअरच्या, हे लगेच कळतं. केबल मात्र डबीलाच पक्की जोडलेली आहे, बदलता येत नाही. गुंडाळताना पीळ देऊ नका.

आता खरी मेहनतीची गोष्ट. पाच पिनांच्या या वाटेने सेकंदाला 31,250 बिटच जातात. एका सुराचा संदेश तीन बाइटचा, म्हणजे जवळजवळ एक मिलिसेकंद. ऐकायला काहीच नाही. पण समेवर बास, किक, ढोलकी, टाळ आणि चार सुरांची कॉर्ड एकदम पडली की सगळे रांगेत उभे राहतात आणि शेवटचा सात-आठ मिलिसेकंद मागे येतो. कीबोर्ड स्वतः वाजवतो तेव्हा ही रांग नसते. भावगीतात कुणाच्या लक्षात येणार नाही, पण लावणीत ढोलकीची थाप किंचित पसरली तरी आमच्या ढोलकीवाल्या काकांच्या कपाळाला आठी पडते, आणि त्यांचं बरोबर असतं.

त्यावर उपाय वेळ खाणारा आहे, पण पक्का. केबलची इन आणि आउट अशी दोन्ही मिडी टोकं कीबोर्डला जोडायची. लॅपटॉपवर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधून मिडी क्लॉक (लयीचे ठोके) कीबोर्डला पाठवायचा आणि एक्सपी-60 ला बाहेरच्या क्लॉकवर चालायला लावायचं. मग बाकी सगळे ट्रॅक म्यूट करून आधी नुसती ढोलकी घ्यायची, नंतर बास, नंतर कॉर्ड. क्लॉक एकच असल्याने मात्रा जुळतात. सरळ ठेक्याच्या गाण्यांना एवढे कष्ट नकोत. ती एकाच फेरीत घ्या आणि रीपरमध्ये चॅनेलप्रमाणे सुटी करा. गाण्याच्या शेवटी लय उतरवली असेल तर ती मात्र अशी येत नाही, टेम्पो हाताने बसवावा लागतो. ठेवताना फॉरमॅट 1 ची मिडी फाइल करा, म्हणजे ट्रॅक वेगळे राहतात.

सुरांबरोबर मी बनवलेले टोनही घेतले. बासरीच्या सुराची सुरुवात मऊ केलेली, ढोलकीचा धुम थोडा खाली उतरवलेला, असे वर्षानुवर्षं जुळवलेले टोन आहेत. कीबोर्डच्या युटिलिटीतून त्यांची माहिती मिडीवर सोडता येते आणि विंडोजवर मिडी-ऑक्स या सॉफ्टवेअरने ती फाइल करून ठेवता येते. परत पाठवून पाहिली, टोन जसेच्या तसे उतरले. हे काम गाण्यांच्याही आधी करा.

आता हीच केबल उलट्या दिशेनेही चालवते. फाइल लॅपटॉपवर सुरू होते आणि आवाज एक्सपी-60 च देतो, तोच, ज्याची आमच्या गायकांना सवय आहे. फ्लॉपीला हात लावावा लागत नाही. ढोलकी काका प्रत्यक्ष वाजवतात, त्यामुळे तो ट्रॅक म्यूट असतो आणि समेवरची गर्दीही कमी होते. केबल फार लांब नाही, म्हणून स्टेजवर लॅपटॉपसाठी कीबोर्डला लागून दुसरा स्टँड लावलाय. यंदाच्या गणपतीत असंच वाजवणार आहोत.