थेरपीचे आठ महिने, आणि त्याआधी "जाऊ का नको" यात गेलेलं दीड वर्ष

मी मुलुंडला राहते, नोकरी परळला. 2023 च्या दिवाळीनंतर सकाळी प्लॅटफॉर्मवर उभी राहिले की छातीत धडधडायला लागायचं. गाडी समोर यायची, लेडीज डब्यात शिरायला जागाही असायची, पण पाय उचलायचा नाही. एक गाडी सोडायची, दुसरी सोडायची. ऑफिसात सांगायचे, गाड्या लेट आहेत. ईसीजी, थायरॉईड सगळं नॉर्मल आलं. फॅमिली डॉक्टरांनीच सांगितलं, एकदा काउन्सेलरशी बोलून बघ.

तरी मी दीड वर्ष गेले नाही. पैशांचा प्रश्न नंतरचा. अडलं होतं ते "मला एवढं कुठे काय झालंय" यावर. डबा होतोय, मुलाचा अभ्यास होतोय, नोकरी टिकून आहे. आई म्हणायची, "अगं, आम्ही नाही का काढले दिवस?" ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच तसं वाटायचं. याहून वाईट झालं की जाऊ, असं म्हणत मी दुखणं अंगावर काढलं.

शेवटी एका रात्री अडीच वाजता 14416 लावला. हे टेली-मानस, मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन. सरकारी आणि मोफत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी विचारलं, "किती दिवसांपासून गाड्या सोडताय?" मी महिने मोजायला लागले आणि मोजता मोजता रडू फुटलं.

पहिली थेरपिस्ट जमली नाही. माणूस चांगली, पण बोलणं सगळं इंग्रजीत. माझंच दुखणं मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगावं तसं सांगत होते. तीन सेशननंतर सोडलं. आत्ताच्या मॅडम दादरच्या. त्यांना मी म्हटलं, "गाडी दिसली की पोटात खड्डा पडतो." त्यांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "इथे? की वर, छातीपाशी?" त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट सांगता आलं.

पहिले दोन आठवडे फक्त स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचं, गाडीत चढायचं नाही. भीती दहापैकी किती, ते वहीत लिहायचं. मग मुलुंड ते नाहूर, एकच स्टेशन. मग भांडुप. नाहूरला उतरले तेव्हा वहीत आठ लिहिलंय, आणि खाली, "तरी उतरले."

पन्नास मिनिटांचे दीड हजार. तीन महिने दर आठवड्याला, आता पंधरा दिवसांनी. हे मला जड गेलंच. परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. औषध लागणार असेल तर सायकिअ‍ॅट्रिस्ट. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाणार असाल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषद, जिथे त्यांची नोंदणी होते) नोंदणी क्रमांक जरूर विचारा, त्यात संकोच नको.

चौथ्या महिन्यात बाबांच्या आजारपणाचा विषय निघाला आणि दोन आठवडे झोप उडाली. वाटलं, नसती खपली काढली. मॅडमना तसंच सांगितलं, मग वेग कमी केला. सेशननंतर लगेच ऑफिस ठेवू नका, मी आता शनिवारीच जाते.

सकाळची गाडी अजून कधीतरी सुटते, गेल्या महिन्यात दोनदा. मॅडम म्हणतायत, आता महिन्यातून एकदा भेटू. मी अजून हो म्हटलेलं नाही.