जमीन उत्तम दाखवतात, वाट दाखवत नाहीत: नागपूरच्या एका शेतजमीन सल्लागार कार्यालयाविषयी

पुढेमागे मुलांना, नातवंडांना हक्काने जाता येईल असे एक घर गावाकडे असावे, त्याच्याभोवती थोडे वावर असावे, या विचाराने आम्ही गेल्याच्या आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून जमीन शोधत होतो. नोकरीमुळे नागपूर सोडून हिंडणे शक्य नसल्याने पश्चिम नागपुरातील एका शेतजमीन सल्लागार कार्यालयाची सेवा घेतली. कार्यालयाचे नाव मी येथे देणार नाही, कारण अशाच पद्धतीने चालणारी कार्यालये शहरात बरीच आहेत आणि माझे म्हणणे त्या पद्धतीविषयी आहे. त्यांच्या सेवेचे तीन भाग होते: जमिनी दाखवण्यासाठी ५ हजार रुपये, निवडलेल्या जमिनीची ‘संपूर्ण कागदपत्र तपासणी’ करून देण्यासाठी २५ हजार रुपये, आणि व्यवहार झाल्यास किमतीच्या दोन टक्के दलाली. पहिल्या भागावर मी समाधानी आहे. दुसऱ्या भागासाठी पैसे दिले याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

जमिनी दाखवण्याचे काम हे लोक मन लावून करतात. ठरलेल्या वेळी गाडी घराखाली उभी असे, प्रत्येक जमिनीचा सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या नावावरील एकूण जमिनीचा उतारा) आणि गावनकाशा आधीच छापून ठेवलेला असे, आणि सोबत येणाऱ्या तरुणाला जिल्ह्याची माती पाठ होती. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग घ्यायची तर खाली चुनखडी किती खोलीवर लागते ते आधी पाहा, हे त्याने आम्ही न विचारता सांगितले आणि शेताच्या एका कोपऱ्यात हातभर खड्डा खणून पांढरे खडे दाखवलेही. उमरेडकडील एक स्वस्त जमीन त्याने स्वतःहून यादीतून काढली, कारण त्या शिवारात कोळसाधारक क्षेत्र अधिनियम, १९५७ खालील संपादनाची अधिसूचना निघालेली होती. अशा ठिकाणी घर बांधणे म्हणजे उठण्याच्या तयारीने बसणे, असे तो म्हणाला. कुही तालुक्यात नाग नदीच्या काठालगतची एक जमीन मात्र त्याने फार कौतुकाने दाखवली. अर्ध्या शहराचे सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या त्या पाण्याचा वास आम्हाला गाडीची काच उतरवण्याआधीच आला, तेव्हा त्या जमिनीविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

याच कार्यालयाच्या रंगीत पत्रकात मात्र ‘५ हजार चौरस फुटांचे फार्महाऊस प्लॉट’ झळकत होते. ५ हजार चौरस फूट म्हणजे पावणेपाच आरही होत नाहीत (एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर). राज्य शासनाने २०२३ साली ठरवलेले प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, जिरायतीसाठी २० आर आणि बागायतीसाठी १० आर आहे, त्यामुळे शेती विभागातील (झोनमधील) जमिनीचा असा तुकडा स्वतंत्र सातबारा होऊन तुमच्या नावावर येत नाही. तुम्ही वीस-पंचवीस अनोळखी माणसांसोबत एका सामायिक सातबारावर नाव लावून बसता. शेतघराचा प्रश्न तर वेगळाच आहे, कारण त्यासाठी साधारण ४० आर म्हणजे एक एकर जमीन हाताशी असावी लागते. मी हे विचारले तेव्हा कार्यालयाच्या मालकांनी विषय बदलून चहा मागवला.

दुसरी खटकलेली गोष्ट याहून गंभीर होती. माझे मेहुणे आमच्यासोबत अर्धी जमीन घेणार होते. माझे नाव वर्धा जिल्ह्यातील वडिलोपार्जित शेतीच्या आठ-अ वर आहे, परंतु मेहुण्यांच्या घराण्यात शेती नाही. विदर्भात लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमिनीचे हस्तांतरण करता येत नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कार्यालयाचे उत्तर होते, “साहेब, त्यांच्या शेतकरी दाखल्याचं आमच्याकडे सोडा, आठ दिवसांत करून देऊ.” दाखला ‘करून देणे’ याचा अर्थ नागपुरात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. असा व्यवहार पुढे अवैध ठरला तर जमीन जाते, आणि दाखला करून देणारा त्या दिवशी कोठेही सापडत नाही. मेहुण्यांनी त्याच संध्याकाळी विचार सोडून दिला आणि शोध आमच्यापुरता उरला.

फेब्रुवारीत रामटेक तालुक्यातील एक जमीन आम्हाला मनापासून आवडली. सातबारावर १.६२ हेक्टर, म्हणजे चार एकर. भोगवटादार वर्ग १, म्हणजे विक्रीला सरकारी परवानगीची अट नसलेली. एका बाजूला धानाच्या बंध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरे, दुसऱ्या बाजूला मालगुजारांच्या (जुन्या जमीनदारांच्या) काळातला जुना तलाव, आणि मधोमध एक भलेमोठे आंब्याचे झाड. घर त्या आंब्याखालीच बांधायचे, ओसरी तलावाकडे काढायची, हे माझ्या पत्नीने परतीच्या वाटेवर कागदावर रेखाटूनही ठेवले. भाव एकरी १८ लाख सांगितला होता. आम्ही तपासणीचे २५ हजार भरले आणि तीन आठवड्यांनी एक सुबक बांधलेला अहवाल हातात आला. तीस वर्षांचा शोध निर्वेध, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा नाही, इतर हक्कांचा रकाना कोरा, विक्रेत्याच्या दोन्ही बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत. एवढे सगळे बरोबर होते आणि बरोबरच निघाले, हे मान्य केले पाहिजे. अहवाल देताच कार्यालयाने एक लाख रुपये बयाणा रोख मागितला आणि दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याचे सांगितले. दुसरे गिऱ्हाईक नेहमीच तयार असते.

बयाणा न देण्याचे श्रेय माझ्या वडिलांचे. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, गुडघे दुखतात, तरी ते सोबत आले होते आणि आम्ही आंब्याचे कौतुक करत असताना ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या असलेल्या शेजारच्या शेतकऱ्याशी बोलत होते. आपण आलो ती गाडी कोणाच्या वावरातून आली, एवढेच त्यांनी विचारले. शेतकरी हसून म्हणाला, “उन्हाळ्यात कोठूनबी गाडी येते बाबाजी. पावसाळ्यात येऊन पाहा, मंग सांगा.” आम्ही ते ऐकले आणि थांबलो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कार्यालयाला न सांगता पुन्हा गेलो. गाडी डांबरी रस्त्यावरच सोडावी लागली. फेब्रुवारीत जिथून आलो होतो तिथे आता रोवणी झालेले धान उभे होते आणि गुडघाभर पाणी होते. तो रस्ता नव्हताच, ते पीक निघालेले वावर होते. गावनकाशावर दाखवलेली पांदण (शेतांकडे जाणारी गाडीवाट) नाल्याच्या पलीकडे होती, पण तिचा निम्मा भाग दोन्ही बाजूंच्या नांगरटीत गेलेला आणि उरलेल्यात बेशरमाची झाडे माजलेली. बंधीच्या काठावरून, हातात चपला घेऊन, एका वेळी एक पाऊल टाकत आम्ही आंब्यापर्यंत पोहोचायला पाऊण तास लागला. या वाटेने विटा, रेती, सिमेंट कसे यायचे, आणि मध्यरात्री वडिलांना दवाखान्यात न्यायचे झाले तर काय, हे प्रश्न सुबक अहवालात कोठेही नव्हते, कारण त्या सातबारावर वाट लिहिलेली नव्हती आणि कार्यालयाच्या वकिलांनी सातबाऱ्यापलीकडे पाहिलेच नव्हते.

मग मी स्वतःच्या ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारले की अधिकार अभिलेख (जमिनीवरील हक्कांची जुनी नोंद), निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पाहिले का. ही कागदपत्रे पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला ठाऊक नसली तर नवल नाही, पण नागपुरात जमिनीचा धंदा करणाऱ्याला ती ठाऊक नसावीत याला काय म्हणावे! जुन्या मध्यप्रांतातून महाराष्ट्रात आलेल्या आपल्या जिल्ह्यांत गावाचे चराईचे, सरपणाचे, गुरे पाण्यावर नेण्याचे हक्क निस्तारपत्रकात नोंदवलेले असतात, आणि खाजगी जमिनीतून जाण्यायेण्याच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जमध्ये. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने कलम १६१ आणि १६५ खाली या दोन्ही नोंदी आजही जिवंत ठेवल्या आहेत. नक्कल मिळाली तेव्हा दोन गोष्टी कळल्या. आमच्या शेतात बैलगाडीने येण्याची वहिवाट कोणाच्याही वावरातून नोंदवलेली नव्हती. उलट गावाची गुरे तलावावर नेण्याची वाट मात्र आमच्याच शेतातून, थेट त्या आंब्याखालून जात असल्याचे नोंदवलेले होते. गावाला तेथून गुरे नेण्याचा हक्क होता, आम्हाला तेथपर्यंत गाडी नेण्याचा नव्हता.

बांधावरून रस्ता मिळवण्यासाठी महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, हे मला माहीत आहे. पण ज्या गावात आयुष्य काढायचे तेथे पहिले पाऊल शेजाऱ्यांविरुद्धच्या अर्जाने टाकायचे, ही कल्पना आमच्यापैकी कोणालाच रुचली नाही. चार एकरांच्या हिशेबात १४ आर पोटखराबही (लागवडीस अयोग्य भागही) त्याच भावाने धरलेला होता, म्हणजे सहा लाखांहून अधिक रुपये तलावाच्या पाळीखालच्या दगडांसाठी मोजायचे होते, हे त्या वकिलांनीच दाखवून दिले. कार्यालयाकडे तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले की तपासणी ‘टायटलची’, म्हणजे मालकी हक्काची, होती, रस्त्याची नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत. पुढच्या जमिनीसाठी ‘अर्ध्या दरात’ तपासणी करून देण्याचा प्रस्ताव आला, तो मी नाकारला.

आता गमतीचा भाग असा की, शेवटी आम्ही घेतलेली जमीन याच कार्यालयाच्या यादीतली होती. कळमेश्वर तालुक्यातील ही जमीन त्यांनी डिसेंबरमध्येच, चौथ्या क्रमांकावर, जाता जाता दाखवली होती आणि “अर्धी बरड आहे साहेब, तुमच्या कामाची नाही” असे म्हणून गाडीतून उतरूही दिले नव्हते. १.२१ हेक्टर, म्हणजे तीन एकर; जिल्हा परिषदेच्या रस्त्याला लागून; रस्त्याकडचा एक एकर मुरमाड, त्यामागे उताराला काळी माती. पत्नीला ती रुक्ष वाटली होती. वडिलांनी मात्र दुसऱ्या भेटीत ती पायी पालथी घातली आणि म्हणाले, घर बरडावर आणि शेती काळीत, याहून चांगली मांडणी कोणती? काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर घर बांधायचे तर मुरूम लागेपर्यंत पाया खोदत जावे लागते आणि तरीही भिंतींना तडे जाण्याची धास्ती राहते. येथे मुरूम पायाखालीच होता. गाव नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असल्याने विभाग दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते याचा दाखला) काढला, तो शेती विभागाचा निघाला, आणि शेतघराचा नकाशा आता वास्तुविशारदांकडे आहे. जमीन आम्ही दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा भर ऑगस्टमध्ये. रस्त्यावरून उतरून थेट वावरात पाय पडतो, याचे केवढे कौतुक वाटले!

या वेळी तपासणी आम्ही स्वतः केली. राज्याच्या भूमी अभिलेखांच्या ‘महाभूमी’ संकेतस्थळावर डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, जुने फेरफार (मालकी व हक्कांतील बदलांच्या नोंदी) पाहता येतात आणि प्रलंबित फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’वर दिसते, वकिलांचे शुल्क धरूनही खर्च कार्यालयाच्या ‘संपूर्ण’ तपासणीपेक्षा कमी झाला. विक्रीपूर्वी शासकीय मोजणी व्हावी, हा आमचा आग्रह होता. अर्ज विक्रेत्यानेच करायचा असल्याने त्यांना राजी करण्याचे काम कार्यालयाने करावे, अशी आमची अपेक्षा होती. कार्यालयाने त्याऐवजी आम्हालाच राजी करण्याचा प्रयत्न केला: मोजणीत दोन महिने जातील, सातबारावर आहे तेच जागेवर असते, उगाच शेजाऱ्याला जागे कशाला करता. शेवटी विक्रेत्याशी मीच बोललो आणि त्यांनी एका शब्दात होकार दिला.

मोजणीच्या दिवशी हजर राहण्याचे कार्यालयाने कबूल केले होते, पण कोणी आले नाही. दलालीची उरलेली रक्कम मागणारा फोन मात्र त्याच दुपारी आला, तोही निम्मी रोख द्या या सूचनेसह. आम्ही ती पूर्ण धनादेशाने दिली आणि पावती घेतल्याशिवाय धनादेश सोडला नाही. भूकरमापकांनी संध्याकाळपर्यंत खुणा केल्या तेव्हा उत्तरेकडचा धुरा ४ आर आत आलेला निघाला. एकरी २४ लाखांच्या भावाने ती सुमारे २ लाख ३७ हजार रुपयांची जमीन होती. नोटीस मिळाल्यामुळे शेजारचे शेतकरी सकाळपासून तेथेच बसून होते. खुणेच्या दगडाकडे त्यांनी बराच वेळ पाहिले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, “बैल वळवता वळवता सरकत गेला जी धुरा, आमच्या बुढ्याच्या टायमापासून. तुरी निघू द्या, मंग मीच नांगर घालून सरळ करून देतो.” फेब्रुवारीत तुरी निघाल्या आणि त्यांनी तो सरळ करून दिला.