बिल्ला डिस्टनचा, पातं भलतंच: जुन्या करवतीच्या नावाखाली झालेली फसवणूक

जुनी हत्यारं जमवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, खास करून जे स्वतः चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात न जाता व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून पैसे पाठवतात त्यांच्यासाठी. मला 7500 रुपयांना "1880 च्या आसपासची डिस्टन (करवती बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी), फुल रिस्टोअर केलेली" म्हणून जी करवत विकली तिच्यात डिस्टनची फक्त मूठ आणि बिल्ला आहे, पातं कुठल्यातरी साध्या करवतीचं.

हेन्री डिस्टनने 1840 साली फिलाडेल्फियात कारखाना काढला, 1865 मध्ये मुलगा भागीदार झाला तेव्हा नावात 'अँड सन' आलं आणि 1955 मध्ये कंपनी विकली गेली. या सगळ्या काळात मुठीवरचा पितळी बिल्ला बरेच वेळा बदलला, त्यामुळे करवत किती जुनी ते लोक बिल्ल्यावरून ठरवतात. विक्रेत्याने नेमका त्याचाच क्लोजअप पाठवला, अक्षरं स्पष्ट, शहराचं नाव जुन्या पद्धतीने 'फिलाडा' असं तोडून लिहिलेलं, मूठ सफरचंदाच्या लाकडाची, आणि यातलं काहीही खोटं नव्हतं. मेख इथेच आहे. बिल्ला मुठीचं वय सांगतो, पात्याचं नाही, आणि पितळी नट काढले की मूठ पात्यापासून सहज सुटते.

पात्यावर कंपनीचा छाप नाही असं मी विचारलं होतं तर म्हणाला "सर एवढी जुनी आहे, झिजणारच". हे धडधडीत खोटं होतं. तो छाप अ‍ॅसिडने कोरलेला असतो, गंज चढला तरी बऱ्याचदा खाली पुसटसा शिल्लक राहतो, म्हणून नीट काम करणारा माणूस आधी ब्लेडने वरचा गंज खरवडतो, मग लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून थोडं रॉकेल लावून हलक्या हाताने घासतो आणि छापाच्या जागी तर आणखी जपून. याने अँगल ग्राइंडर फिरवला होता. उजेडात तिरपं धरलं की चाकाचे गोल गोल ओरखडे दिसतात आणि टोकाजवळ एक निळसर डाग आहे, म्हणजे तिथे पोलाद चांगलंच तापलं. एकाच जागी असं तापलं की पात्याचा ताण जातो, ते तिथे ढिलं पडून वाकतं. सागवानाच्या फळीत थोडी आत गेली की करवत अडकायची ती त्यामुळेच, दातांना मी तिकोनी कानशीने नवीन धार केली तरी फरक पडला नाही.

मुठीला जवसाचं तेल पाजायला म्हणून नट काढले आणि सगळा प्रकार उघडा पडला. मुठीखाली झाकलेल्या भागात दोन जास्तीची भोकं, त्याशिवाय एक भोक गोल कानशीने ओढून लांबट केलेलं, त्याची कड अजून चकचकीत, आणि पोलादावर दुसऱ्याच आकाराच्या मुठीची काळपट सावली उमटलेली! मग कॅलिपर लावला. डिस्टनची चांगली पाती दाताकडे जाड आणि पाठीकडे पातळ घासलेली असतात, टोकाकडची पाठ तर सगळ्यात पातळ, त्यामुळे करवत लाकडात मोकळी चालते. माझं पातं सगळीकडे सारख्याच जाडीचं निघालं.

किमतीचं पण सांगतो कारण इथेच लोकांना गंडवतात. जुनी म्हणजे महाग असं काही नसतं. डिस्टनने करवती अफाट प्रमाणात बनवल्या, त्यांच्या डी-8 मॉडेलची साधी वापरातली करवत अमेरिकेतल्या जुन्या बाजारात 20-25 डॉलरला पण मिळून जाते, नंबर 12 सारखं वरच्या दर्जाचं मॉडेल छापासकट असेल तर गोष्ट वेगळी. बिल्ल्यावर नुसतं 'वॉरंटेड सुपीरियर' असेल तर ते कंपनीचं नाव नाही, बऱ्याच कारखान्यांच्या करवतींवर तोच बिल्ला असायचा. आणि शेफील्डच्या स्पिअर अँड जॅक्सनच्या मालावर 1760 दिसलं तर ते कंपनी सुरू झाल्याचं साल आहे, करवतीचं नाही, हे दाखवून अडीचशे वर्षं जुनी म्हणून विकणारे भेटतात.

म्हणून पैसे द्यायच्या आधी मूठ काढून पात्याच्या त्या टोकाचा दोन्ही बाजूंनी फोटो मागा, पूर्ण पात्याचा समोरून एक, आणि पाठीकडून धार बघतो तसा लांबीत एक, म्हणजे बाक आहे का कळेल. जो खरं विकतोय त्याला नट काढायला पाच मिनिटं लागतात. "नट काढले तर अँटिक व्हॅल्यू जाते" असं कोणी म्हणालं तर तिथेच सोडा, मला अगदी हेच वाक्य ऐकवलं होतं.

भोकांचे फोटो पाठवल्यावर माणसाने आधी "रिस्टोरेशनमध्ये असं करावं लागतं" म्हटलं, मग ब्लॉक केलं. यूपीआयची पावती आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून 1930 वर फोन करून सायबरला तक्रार नोंदवलीय, पैसे अजून आलेले नाहीत. तोच माणूस आता नाशिकच्या एका मित्राला 1874 ची डी-8 म्हणून एक करवत 9000 ला देतोय. 1874 हे डी-8 बाजारात आली ते साल, आणि डी-8 ची ओळखच पाठीला आत गेलेला बाक. मित्राला आलेल्या फोटोत पाठ पट्टीसारखी सरळ आहे. त्याला मी मुठीखालचा फोटो मागायला सांगितलंय, अजून आलेला नाही.