ब्लेंडर आठ महिने रोज वापरल्यावर, आणि त्याच्या वर्गणीबद्दल

मार्च २०२५ मध्ये ब्लेंडर हे थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन करायचं सॉफ्टवेअर मशीनवर टाकलं, आता नोव्हेंबर चालू आहे. मी धायरीत राहतो, घरूनच काम करतो. बिल्डर लोकांना एलिव्हेशनचे (इमारतीच्या दर्शनी बाजूचे) थ्रीडी व्ह्यू, सँपल फ्लॅटचं इंटिरिअर, कधी छोटा वॉकथ्रू असं करून देतो. आधी सात वर्षं एक पेड सॉफ्टवेअर वापरायचो, नाव घेत नाही, दर वर्षी रिन्यूअलची रक्कम वाढतच गेली आणि यंदा जानेवारीत दोन पार्ट्यांचे पैसे अडकलेले असताना नेमकं रिन्यूअल राहिलं, तर माझ्याच जुन्या प्रोजेक्टच्या फाइली मला उघडता येईनात. सात वर्षांचं काम समोर हार्ड डिस्कवर आहे आणि हात लावता येत नाही, ही गोष्ट मला फार लागली. त्याच सुमाराला लॅटव्हियाचा दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिसच्या 'फ्लो'ला ऑस्कर मिळालं आणि कळलं की तो सिनेमा ब्लेंडरमध्ये केलाय. म्हटलं, ऑस्करला पुरतंय तर माझ्या टू बीएचकेला का नाही पुरणार.

पहिले तीन आठवडे कठीण गेले. सगळं कीबोर्डवर चालतं. जी दाबलं की वस्तू सरकते, आर दाबलं की फिरते, एस दाबलं की लहानमोठी होते, आणि जुन्या सॉफ्टवेअरची सवय बोटांत इतकी बसलेली असते की दिवसाला पन्नास वेळा चुकीचं बटण दाबलं जातं. नवशिके सगळे करतात तसा सरावाचा डोनट केला, मग एक खुर्ची, मग स्वतःचंच किचन टेपने मोजून उभं केलं. महिन्याभराने हात बसला आणि आता परत जायचा विचारही येत नाही.

कामाचं म्हणाल तर दोन रेंडर इंजिन, म्हणजे सीनचं शेवटचं चित्र काढून देणारे भाग, मिळतात. ईव्ही म्हणजे झटपट, क्लायंट शेजारी बसलेला असताना भिंतीचा रंग बदलून दाखवायला एकदम बेस्ट. सायकल्स म्हणजे प्रकाशाचा किरण खरोखर कसा उसळतो त्याचा हिशोब करणारं, वेळ खातं पण खिडकीतून दुपारचं ऊन फरशीवर पडलेलं बघा, समाधान वाटतं. त्यात इंटेलचा ओपन इमेज डीनॉइज बसवलेला आहे, तो चित्रावरची वाळू पुसून काढतो, त्यामुळे कमी सँपलवर, म्हणजे कमी किरण मोजून, भागतं. माझं जुनं सहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे, एक हॉलचा व्ह्यू पूर्वी पाऊण तास घ्यायचा तो आता दहाबारा मिनिटांत निघतो.

नडतं कुठे तेही सांगतो. आपल्याकडचे सगळे आर्किटेक्ट ड्रॉइंग डीडब्ल्यूजी या ऑटोकॅडच्या फाइलमध्ये पाठवतात आणि ते ब्लेंडर थेट उघडत नाही, डीएक्सएफ या दुसऱ्या फाइल प्रकारात करून मागवावं लागतं आणि त्यासाठी वेगळी ॲड-ऑन (जोडीचा छोटा प्रोग्राम) टाकावी लागते. वर्किंग ड्रॉइंग, क्वांटिटी वगैरे याचं कामच नाही.

आता जे सांगायला बसलोय ते. आमचं मूळ घर नारायण पेठेतलं, तिथल्या मंडळाचा मी लहानपणापासून कार्यकर्ता. यंदा देखाव्याला लाकडी कमान आणि मागे कोकणातलं कौलारू देऊळ असं ठरलं. मी म्हटलं आधी थ्रीडी करून बघू. पहाटे साडेपाचला दोघांनी टेप धरून गल्ली मोजली, विजेच्या तारांची उंची, समोरच्या वाड्याची गॅलरी, पाण्याच्या टँकरला लागणारी जागा, सगळं मीटरमध्ये ब्लेंडरमध्ये उभं केलं. आणि कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीला लावून गल्लीच्या तोंडाशी ठेवला. तर तिथून गणपतीचं तोंडच दिसेना, कमानीचा मधला तुरा बरोबर मूर्तीच्या आड. कागदावरच्या स्केचमध्ये हे कुणाला कळलं नव्हतं. कमान दीड फूट खाली घेतली, तुरा काढला, मूर्तीचा चौथरा एक पायरी वर घेतला, कॅमेरा पुन्हा तिथेच ठेवला, आणि स्क्रीनवर बाप्पा समोर दिसले तेव्हा बैठकीत एकदम शांतता झाली. उत्सवात त्या कोपऱ्यावर उभा राहून मी लोकांचे हात जोडले जाताना बघितलेत.

त्या बैठकीत आमचे खजिनदार काका, पंचवीस वर्षं पावतीपुस्तक त्यांच्याच हातात, त्यांनी विचारलं, "हे सॉफ्टवेअर केवढ्याला पडलं?" म्हटलं फुकट आहे काका. ते म्हणाले, "फुकट काही नसतं रे, वर्गणी कोण देतं?"

मला उत्तर देता आलं नाही. चार महिने त्याच्यावर पोट चालू होतं आणि हे माहीत नव्हतं. घरी येऊन वाचत बसलो.

हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये नेदरलँड्समधल्या निओजिओ नावाच्या ॲनिमेशन स्टुडिओत, स्टुडिओच्या स्वतःच्याच कामासाठी, टॉन रोझेंडाल यांनी लिहायला घेतलं. १९९८ मध्ये त्यांनी ते पुढे न्यायला नॉट अ नंबर नावाची कंपनी काढली, बाहेरचे गुंतवणूकदार आले, पण धंदा काही जमला नाही आणि २००२ मध्ये कंपनी बंद झाली. दुसऱ्या कुणी सोडून दिलं असतं. रोझेंडाल यांनी ना-नफा तत्त्वावर ब्लेंडर फाउंडेशन काढलं, आणि गुंतवणूकदारांशी बोलून ठरवलं की एकरकमी १ लाख युरो दिले तर ते सॉफ्टवेअरचा मूळ कोड मोकळा करतील. १८ जुलै २००२ ला लोकांकडे मागायला सुरुवात केली. सात आठवड्यांत रक्कम जमली. १३ ऑक्टोबर २००२ ला सगळा कोड जीपीएल लायसन्सखाली, म्हणजे कुणीही वापरा, बदला, वाटा, पण वाटाल तर कोडही खुला ठेवा या अटीवर, जगाला खुला झाला. म्हणजे अक्षरशः वर्गणी काढून सोडवून आणलेलं सॉफ्टवेअर आहे हे. काकांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपल्यातलेच आहेत ते."

आणि जीपीएलचा अर्थ मला जानेवारीच्या अनुभवामुळे जास्त पटला. उद्या फाउंडेशन बंद पडलं तरी आत्तापर्यंतचा कोड कुणी परत कुलपात घालू शकत नाही. तुम्ही केलेली फाइल तुमची, रेंडर तुमचं, विका नाहीतर वाटा, कुणाला काही द्यायचं नाही.

रोजचा खर्च डेव्हलपमेंट फंडातून चालतो. साधे वापरणारे दर महिन्याला थोडे थोडे देतात आणि मोठ्या कंपन्याही देतात. एपिक गेम्सने जुलै २०१९ मध्ये तीन वर्षांसाठी म्हणून १२ लाख डॉलर जाहीर केले, ॲपल २०२१ मध्ये आली आणि नुसते पैसे नाही तर सायकल्स मॅकच्या ग्राफिक्स चिपवर चालावं म्हणून त्यांच्या इंजिनिअर लोकांनी कोडही लिहिला. त्या पैशातून डेव्हलपरांचे पगार निघतात. मला आधी वाटायचं की असं खुल्या कोडचं (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर म्हणजे नोकरी सांभाळून रात्री कुणीतरी हौसेने केलेलं काम, आणि तसं हौसेने करणारे आहेतच, भरपूर आहेत, पण पाया टिकतो तो पगारी माणसांमुळे. जुनी किचकट दुरुस्ती, ज्याच्यात कुणाला मजा नाही, ती कोण करणार नाहीतर.

हे मी स्वतः बघितलंय. ऑगस्टमध्ये एका सोसायटीच्या मोठ्या सीनमध्ये मटेरियल प्रिव्ह्यूला (रंग-पोत दाखवणाऱ्या व्ह्यूला) गेलं की सगळं बंद पडायचं. हेल्प मेनूत रिपोर्ट अ बग असं आहे, ते दाबलं की तुमच्या मशीनची माहिती आपोआप भरली जाते, खाली फक्त काय केल्यावर काय झालं ते पायरीपायरीने लिहायचं. दुसऱ्या दिवशी उत्तर, लहान करून फाइल पाठवा. पाठवली. मग विचारलं, ग्राफिक्स ड्रायव्हर कधीचा आहे? माझा दोन वर्षं जुना. नवा टाकला, प्रॉब्लेम गेला. म्हणजे चूक माझ्या मशीनची होती, तरी कुणीतरी फाइल उघडून नीट बघितली, वेळ दिला. अशी तपासणी करणाऱ्या काही जणांना याच फंडातून मानधन मिळतं हे वाचलं तेव्हा पाच मिनिटं गप्प बसून राहिलो.

अजून एक मला फार आवडलेली रीत. हे लोक स्वतः सिनेमे करतात. सॉफ्टवेअर लिहिणारे आणि त्यावर रोज काम करणारे आर्टिस्ट शेजारी शेजारी बसवायचे, अडलं की तिथेच सुधारायचं. पहिला 'एलिफंट्स ड्रीम' २००६ चा. मग २००७ मध्ये ॲमस्टरडॅमला ब्लेंडर इन्स्टिट्यूट सुरू केलं आणि २००८ मध्ये 'बिग बक बनी' आला, त्या वेळी केस आणि गवत यांच्यावर मोठं काम झालं. फिल्म आणि तिच्या मूळ फाइली क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली मोकळ्या ठेवल्यात. बिल्डरच्या लॉनमध्ये गवत टाकायचं कसं हे मी त्यातलीच एक फाइल उघडून, एकेक सेटिंग बंद-चालू करून शिकलो. स्वयंपाकघरात उभं राहून बघू देणारे लोक कमी असतात.

कुणी घ्यावं? इंटिरिअर, एलिव्हेशन, प्रॉडक्टचे फोटो, ॲनिमेशन करणाऱ्यांनी डोळे मिटून घ्यावं, पण महिनाभर धीर धरायचा आणि चालू कामाच्या मध्ये बदलायचं नाही. पुण्यातल्या कॉलेजच्या पोरांना विशेष सांगीन, पेड सॉफ्टवेअरचा क्रॅक टाकून व्हायरस घेऊ नका. एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) व्हर्जन टाका, त्याला दोन वर्षं दुरुस्त्या मिळतात, मी ४.२ वर सुरुवात केली आणि आता ४.५ वर आलोय.

ऑक्टोबरपासून मी महिन्याला पाच युरो चालू केलेत, म्हणजे पाचशेच्या आसपास, जुन्या रिन्यूअलपुढे काहीच नाही. द्यायचे असतील तर बँकेच्या ॲपमध्ये कार्डावर इंटरनॅशनल पेमेंट आधी चालू करून घ्या, माझं पहिल्यांदा तिथेच अडलं होतं. पावती ईमेलवर येते. मी प्रिंट काढून काकांना नेऊन दिली, त्यांनी ती मंडळाच्या फाइलला लावलीय.