वार्निश नसलेल्या आधुनिक चित्राची सफाई: कोरडी, पाण्याने, द्रावकाने की जेलने?

वारशाने आलेले किंवा संस्थेच्या दालनात तीस-चाळीस वर्षे टांगलेले आधुनिक चित्र मळकट दिसू लागले की संवर्धकाचा, म्हणजे चित्रांची दुरुस्ती व जतन करणाऱ्या तज्ज्ञाचा, प्रस्ताव येतो. त्यात सफाईच्या दोन-तीन पद्धती आणि त्यांचे खर्च लिहिलेले असतात, आणि सही चित्राच्या मालकाला किंवा विश्वस्तांना करायची असते. ती करण्यापूर्वी या पद्धतींची तुलना कशी करावी, हे येथे मांडले आहे.

जुन्या युरोपीय तैलचित्रांवर बहुधा वार्निशचा, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेपाचा, थर असतो. मळ त्या थरावर बसतो आणि संवर्धक मळासह पिवळे पडलेले वार्निश उतरवू शकतो, कारण खालचा जुना रंग तोवर कडक झालेला असतो. विसाव्या शतकातील अनेक चित्रकारांनी रंगाचा निस्तेज, मखमली पोत राखण्यासाठी वार्निश जाणीवपूर्वक टाळले. अशा चित्रावरचा मळ थेट रंगाला चिकटलेला असतो आणि जे द्रव मळ सोडवते ते रंगालाही सोडवू शकते. म्हणून पहिला प्रश्न पद्धतीचा नसून रंग कोणता आहे, हा असतो.

सध्याचे ॲक्रिलिक इमल्शन रंग 1950 च्या दशकात बाजारात आले. ते पाण्यात कालवलेले असतात आणि त्यांच्यात रंगद्रव्य व पॉलिमर यांच्याबरोबर सरफॅक्टंट, म्हणजे साबणासारखे घटकही असतात. रंग वाळल्यावर हे घटक हळूहळू पृष्ठभागावर येतात. शिवाय हा थर साधारण तापमानालाच मऊ असतो, त्यामुळे मुंबईसारख्या उष्ण शहरात तो धूळ धरून ठेवतो. (असे चित्र हलवताना प्लास्टिकच्या आवरणात थेट गुंडाळू नये, ते आवरण रंगाला चिकटते.) तैलरंग त्या मानाने कडक, पण ते पाण्याला दाद देत नाहीत, हा समज विसाव्या शतकातील नळीतल्या अनेक तैलरंगांबाबत चुकीचा आहे. रंगात मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळलेले असेल, तर शहरी हवेतील सल्फर डायऑक्साइडमुळे त्यापासून मॅग्नेशियम सल्फेट तयार होते. ते पाण्यात विरघळते आणि कापसाच्या ओल्या बोळ्यावर रंगही उतरू लागतो.

कोरडी सफाई सर्वांत स्वस्त असून तिच्यात रंग फुगण्याचा धोका नाही. मऊ ब्रश, मंद ओढीचा व्हॅक्यूम आणि पॉलियुरेथेनचे मऊ स्पंज यांनी सैल धूळ निघते. माझ्या मते प्रत्येक प्रस्तावाची सुरुवात येथूनच व्हावी. मात्र मऊ रंगात रुतलेली काजळी याने निघत नाही, आणि जोर लावून घासल्यास निस्तेज पृष्ठभागावर चकाकणारे डाग पडतात, जे कायमचे राहतात.

पाण्याचा बोळा ही वरकरणी सर्वांत निरुपद्रवी वाटणारी आणि म्हणूनच सर्वांत जास्त तपासून घ्यावी अशी पद्धत आहे. ॲक्रिलिक पाणी शोषून फुगते आणि पृष्ठभागावरचे सरफॅक्टंट पाण्याबरोबर निघून जातात. ते मळाचा भाग मानायचे की चित्राचा, यावर संवर्धकांमध्ये खरा मतभेद आहे, कारण ते गेल्यावर चमक आणि पोत किंचित बदलू शकतात. फुगणे किती होते, हे पाण्याच्या सामूवर (pH, म्हणजे ते किती आम्ल वा अल्कधर्मी आहे यावर) आणि त्यातील क्षारांवर अवलंबून असते. अल्कधर्मी पाण्याने रंग अधिक फुगतो, तर किंचित आम्ल आणि योग्य प्रमाणात क्षार असलेल्या पाण्याने कमी. त्यामुळे ‘शुद्ध पाण्याने पुसू’ एवढेच वाक्य असलेला प्रस्ताव अपुरा समजावा. सामू व विद्युतवाहकता (यावरून क्षारांचे प्रमाण कळते) किती ठेवणार, हे विचारावे. संवर्धकाला हा प्रश्न अपमानास्पद वाटण्याचे कारण नाही.

द्रावकांबाबत, म्हणजे पदार्थ विरघळवणाऱ्या रासायनिक द्रवांबाबत, एका रंगाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही. मिनरल स्पिरिटने (पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या द्रावकाने) ॲक्रिलिक इमल्शन फारसे फुगत नाही, पण 1940 च्या दशकात आलेला मॅग्ना हा द्रावकात कालवलेला ॲक्रिलिक रंग वाळल्यावरही त्यात विरघळतो. ॲसिटोन व अल्कोहोल तर दोन्ही प्रकारांना घातक ठरू शकतात. द्रावकाचा मार्ग साध्या मळासाठी नव्हे, तर इतर उपाय संपल्यावरच घ्यावा. लंडनच्या टेट संग्रहालयातील रॉथको यांच्या ‘ब्लॅक ऑन मरून’ (1958) या चित्रावर ऑक्टोबर 2012 मध्ये एकाने शाईने लिहिले. ती शाई बेंझिल अल्कोहोल व एथिल लॅक्टेट यांच्या मिश्रणाने काढली, पण चित्र पुन्हा भिंतीवर येण्यास मे 2014 उजाडले आणि त्यातला मोठा काळ तसेच थर असलेल्या नमुन्यांवर द्रावके तपासण्यात गेला. कोणी तुम्हाला आठवड्याभरात डाग काढून देतो म्हणाला, तर हे उदाहरण आठवावे.

जेल हा पाणी किंवा द्रावक थोडे थोडे देण्याचा मार्ग आहे. फ्लॉरेन्समधील रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या जेलना कलासंग्राहक पेगी गुगेनहाइम यांचे नाव दिले गेले आहे आणि व्हेनिसमधील त्यांच्या संग्रहातील जॅक्सन पोलॉक यांच्या चित्रावर ती वापरली गेली. पातळ, लवचिक तुकडा पृष्ठभागावर ठेवायचा, काही क्षणांनी उचलायचा. मळ त्यात शोषला जातो, घर्षण नगण्य राहते आणि तुकडा उचलून काम हवे तेथे थांबवता येते. टेटने लिक्टेनस्टाइन यांच्या ‘व्हॅम!’ (1963) या चित्रासाठी निरनिराळ्या सफाई-पद्धतींची रीतसर तुलना करून शेवटी पाण्याधारित द्रावण भरलेले असेच जेल निवडले. या चित्रात तैलरंग आणि मॅग्ना शेजारी शेजारी आहेत, म्हणजे एका रंगाला सोसणारे द्रव दुसऱ्याला सोसेलच असे नाही. जेलचा दोष खर्च आणि वेळ हा आहे. खडबडीत, जाड रंगावर ते सर्वत्र टेकत नाही, आणि अवशेष राहत नाहीत ना, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

आपल्याकडील निर्णयही याच मार्गाने जातो. रझा यांच्या उत्तरकाळातील ॲक्रिलिक चित्राला कोरडी सफाई आणि मग, गरज असेल तरच, नियंत्रित पाणी भरलेले जेल, असा क्रम मी सुचवीन. गायतोंडे यांनी रोलर व पॅलेट नाइफने घडवलेल्या तैलरंगाच्या तलम थरांवर मी ओला बोळा चाचणीवाचून लावू देणार नाही, कारण तेथे पृष्ठभाग हेच चित्र आहे.

चाचणीचा खर्च प्रस्तावात स्वतंत्र दाखवायला सांगावा. अतिनील प्रकाशातील छायाचित्राने मागील दुरुस्त्या व वार्निश ओळखता येते, क्ष-किरण प्रतिदीप्तीने रंगद्रव्यातील मूलद्रव्ये कळतात, आणि तेल की ॲक्रिलिक, हे इन्फ्रारेड वर्णपटाने ठरते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे संवर्धन केंद्र किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा यांच्याकडे सल्ला विचारता येतो. चाचणीत रंग बोळ्यावर उतरला, तर त्या चित्राला मळासकट ठेवून, रंगाला स्पर्श न करणारी काच चौकटीत बसवून घ्यावी.